ओतीव भांडे साच्याला का चिकटते?

चिनी मातीचा घोळ प्लास्टरच्या साच्यात ओतला की साचा पाणी शोषतो व आतून मातीचा थर बसतो. थर पुरेसा जाड झाल्यावर उरलेला घोळ ओतून काढतात. भांडे सुकताना आकसते व साच्यापासून सुटते. सुटत नसल्यास दोन गोष्टी तपासाव्यात.

१) साचा : एकाच दिवशी अनेकदा वापरलेला साचा ओला राहतो व पाणी शोषत नाही. तो वाळवावा, पण ५० अंश सेल्सिअसच्या आतच. अधिक उष्णतेने प्लास्टर भुसभुशीत होते.

२) घोळ : एक लिटर घोळ तोलावा. वजन साधारणतः १७५० ते १८०० ग्रॅम भरावे. कमी भरल्यास पाणी जास्त झाले असे समजावे. अशा घोळाने साचा लवकर भिजतो. घोळ वाहता करण्यासाठी पाणी न वाढवता थोडे सोडियम सिलिकेट घालावे. कोरड्या मातीच्या अर्ध्या टक्क्याच्या आत ते बहुधा पुरते. जास्त झाल्यास साच्याचा पृष्ठभाग खराब होतो.

एका वेळी एकच बदल करावा व वहीत नोंद ठेवावी. दोन बदल एकदम केले तर खरे कारण कळत नाही आणि पुढचा मालही वाया जातो. लहान धंद्याला ते परवडत नाही.