कार्ड घेण्याआधी पिढी विचारा

वापरलेलं ग्राफिक्स कार्ड विकताना दुकानदार मेमरी किती आणि किंमत किती, एवढंच सांगतो. लिनक्स वापरणाऱ्याने आणखी एक विचारावं : कार्ड कुठल्या पिढीचं? माझं कार्ड ब्लेंडरमध्ये छान पळत होतं. मग उबंटूच्या नेहमीच्या अपडेटबरोबर नवा कर्नल आला आणि लॉगिनच दिसेना. नुसता काळा स्क्रीन, कोपऱ्यात लुकलुकणारी रेघ.

अशा वेळी लोक घाबरून सगळी सिस्टिम पुन्हा टाकतात. काही गरज नसते. मशीन सुरू होताना एस्केप (जुन्या बायोसवर शिफ्ट) दाबलं की ग्रबचा मेनू येतो. त्यातल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचा कर्नल निवडायचा. माझा डेस्कटॉप तिथून जसाच्या तसा उघडला. डिस्क भरत आली तरी तो एक जुना कर्नल पुसू नका.

लिनक्स कर्नलची आतली रचना सतत बदलते; ती स्थिर ठेवायची नाही, हे कर्नल लिहिणाऱ्यांनी जाणूनबुजून ठरवलंय. एएमडीचा 'एएमडीजीपीयू' किंवा इंटेलचा 'आय९१५' हे ड्रायव्हर कर्नलच्या आतच असल्याने त्या बदलांबरोबर तेही दुरुस्त होतात. एनव्हीडियासारख्या कंपनीकडून वेगळा येणारा ड्रायव्हर मात्र दर नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो. ते काम डीकेएमएस करतं, आणि त्याला त्या कर्नलच्या हेडर फाइली लागतात. माझ्याकडे त्याच नव्हत्या. टाकल्या, मॉड्यूल बांधलं गेलं, प्रश्न मिटला.

सिक्युअर बूट चालू असेल तर आणखी एक पायरी असते. ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि रीस्टार्टनंतर निळ्या स्क्रीनवर तोच विचारतात. घाईत तो स्क्रीन ओलांडला, तर ड्रायव्हर असूनही लोड होत नाही.

हेडर असूनही बांधणी अडली तर दुखणं कार्डाच्या पिढीचं आहे असं समजा. एनव्हीडियाची फर्मी पिढीची कार्डं ३९० या ड्रायव्हर-मालिकेवर थांबली, केपलर पिढीची ४७०वर. नव्या कर्नलशी या मालिका जुळवून घ्यायचं काम मग वितरणवाल्यांच्या आणि हौशी मंडळींच्या पॅचवर चालतं. मुक्त 'नूव्हो' ड्रायव्हर हाताशी असतो, पण मॅक्सवेलच्या दुसऱ्या फळीपासून पास्कलपर्यंतच्या कार्डांना कंपनीने सही केलेलं फर्मवेअर लागत असल्याने तो त्यांचा वेग वाढवू शकत नाही. मराठी टंकलेखनाला पुरेल, ब्लेंडरला नाही. ट्युरिंगपासून पुढे चित्र बरं आहे : २०२२च्या मे महिन्यात एनव्हीडियाने त्या कार्डांसाठी कर्नल मॉड्यूलचा सोर्स खुला केला. वापरलेलं घ्यायचंच तर मी ट्युरिंगच्या खाली उतरणार नाही.

एएमडी घेतलं म्हणजे सुटलात, असंही नाही. नुकतंच बाजारात आलेलं कार्ड दोन वर्षं जुन्या कर्नलला ओळखूच येत नाही. कर्नल, मेसा (ग्राफिक्सची लायब्ररी) आणि फर्मवेअर तिन्ही नवी लागतात.

दुकानात लाइव्ह पेनड्राइव्ह लावून पाहणं चांगलंच. फक्त एनव्हीडिया कार्डावर तिथे दिसणारं चित्र बहुधा नूव्होचं असतं. कंपनीचा ड्रायव्हर चालेल की नाही, ते त्यावरून कळत नाही. टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय' टाकून चिपचं नाव लिहून घ्या आणि ते कुठल्या मालिकेत बसतं ते पाहूनच पैसे द्या.