हिशेबाच्या कामाची वाजवी फी कशी ठरवावी ?

विदर्भात व मराठवाड्यात तूर व हरभरा पिकविणाऱ्या अनेक शेतकऱ्यांनी घरच्या मालाला जोड म्हणून लहान डाळ गिरण्या घातल्या आहेत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी डाळ मिल या कामी उपयोगी पडली आहे. अशा गिरणीचा मालक क्विंटलमागे डाळीचा उतारा किती, चुनी किती निघते, हमाली व तोलाई किती पडते, हे तोंडपाठ सांगू शकतो. परंतु हिशेब लिहिणाऱ्यास व कराची विवरणपत्रे भरणाऱ्यास वर्षाकाठी दिलेली रक्कम नेमकी कोणत्या कामाची होती, असे विचारले असता त्याला बहुधा उत्तर देता येत नाही. ‘त्यांनी सांगितली, आम्ही दिली’ एवढेच तो सांगतो. शेजारच्या गिरणीवाल्यास निम्मी रक्कम पडते असे कळले की तो फसवणुकीच्या शंकेने अस्वस्थ होतो. वास्तविक, दोन गिरण्यांचे काम सारखे नसेल तर दोन रकमांची तुलना निरर्थक होय.

फी वाजवी आहे की नाही, हे रकमेवरून कळत नाही. त्या रकमेत कोणते काम येते व ते काम किती आहे, यावरून कळते. म्हणून प्रथम कामाची वर्गवारी करावी. रोजकीर्द व खतावणी लिहिणे हे मुनिमाचे काम आहे. वस्तू व सेवा कराची आणि प्राप्तिकराची विवरणपत्रे भरणे हे कर सल्लागाराचे काम असून ते सनदी लेखापालही करतो. कायद्याने आवश्यक असलेले लेखापरीक्षण मात्र सनदी लेखापालाकडूनच करून घ्यावे लागते, आणि बँकेस जेथे सनदी लेखापालाने प्रमाणित केलेले ताळेबंद हवे असतात, तेथे दुसऱ्या कोणाचीही सही चालत नाही. या तिन्ही कामांचा एका तासाचा मोबदला सारखा असू शकत नाही. सर्व काम एकाच कार्यालयात होत असले तरी तेथे रोजकीर्द लेखनिक लिहितो व सल्ला मुख्य इसम देतो. लेखनिकाच्या कामास मुख्य इसमाचा दर लागत असेल, तर तेथे विचारणा करण्यास जागा आहे.

दुसरी गोष्ट अशी की, जे काम कायद्याने करावयाचेच नाही, त्याची फी कितीही थोडी असली तरी ती अवाजवीच ठरते. याबाबत डाळ गिरणीचे उदाहरण उद्बोधक आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आगाऊ बांधलेल्या व नाममुद्रित पाकिटांतील डाळीवर ५ टक्के कर लागतो. त्याहून मोठ्या पोत्यांतील किंवा सुट्या डाळीवर तो लागत नाही. जी गिरणी केवळ करमुक्त माल विकते, तिला सामान्यतः नोंदणी घ्यावी लागत नाही, मग उलाढाल कितीही असो. तथापि गिरणीने थोडी जरी पाकिटे विकली, तर नोंदणीच्या ४० लाख रुपयांच्या मर्यादेसाठी करमुक्त विक्रीही हिशेबात धरली जाते. म्हणजे ६० लाखांच्या एकूण विक्रीपैकी पाकिटांची विक्री केवळ १५ लाखांची असली तरी नोंदणी आवश्यक होते. पाकिटे सुरू करण्यापूर्वी हे ज्याने सांगितले, त्याने आपल्या फीचा मोठा भाग तेथेच फेडला असे समजावे.

नोंदणी झाल्यावरही कामाचा बोजा निवडीवर अवलंबून असतो. दरमहा विवरणपत्रे भरणाऱ्यास वर्षात विक्रीची १२ व कराची १२ अशी एकूण २४ विवरणपत्रे भरावी लागतात. ज्यांची उलाढाल ५ कोटी रुपयांपर्यंत आहे, त्यांना जानेवारी २०२१ पासून तिमाही पद्धत उपलब्ध आहे. तीत विवरणपत्रे ८ होतात व प्रत्येक तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर चलनाने भरावा लागतो. २ कोटी रुपयांपर्यंतच्या उलाढालीस वार्षिक विवरणपत्रातून सूट देण्यात आली आहे. तेव्हा ६० लाखांच्या गिरणीच्या देयकात २४ विवरणपत्रांची किंवा वार्षिक विवरणपत्राची आकारणी दिसल्यास तिचे कारण विचारावे. कारण असूही शकते. पाकिटे घेणाऱ्या दुकानदारास कराची वजावट दरमहा हवी असेल, तर बिले दरमहा कळवावी लागतात व काम वाढते.

याच्या उलट, कागदपत्रे कमी व्हावीत म्हणून गिरणीस एकरकमी कराच्या योजनेत बसविणारा स्वस्त सल्लागारही महाग पडू शकतो. या योजनेत उत्पादकास राज्यातील एकूण उलाढालीवर, म्हणजे करमुक्त विक्री धरून, १ टक्का कर द्यावा लागतो व तो गिऱ्हाइकाकडून वसूल करता येत नाही. गिरणीस उत्पादक मानले गेल्यास ६० लाखांवर ६० हजार रुपये मालकाच्या खिशातून जातात. फीत वाचलेले चार-पाच हजार त्यापुढे काहीच नव्हेत.

प्राप्तिकराबाबतही हेच लागू आहे. २ कोटी रुपयांपर्यंतच्या उलाढालीच्या वैयक्तिक, एकत्र कुटुंबाच्या किंवा साध्या भागीदारीच्या धंद्यास अंदाजित उत्पन्नाची पद्धत स्वीकारता येते. बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर ६ टक्के व रोखीच्या विक्रीवर ८ टक्के नफा किमान दाखवावा लागतो; प्रत्यक्ष नफा अधिक असेल तर तो दाखवावा. या पद्धतीत लेखापरीक्षण लागत नाही. मात्र ती स्वीकारून पुढील पाच वर्षांत सोडल्यास त्यानंतर पाच वर्षे पुन्हा घेता येत नाही, ही गोष्ट सल्लागाराने आधी सांगावयास हवी. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी धंद्याचे उत्पन्न करपात्र मर्यादेबाहेर गेल्यावर कराचा दर ठरविताना ते विचारात घेतले जाते. ज्या सल्लागाराने गिरणीमालकास शेतीच्या उत्पन्नाविषयी कधी विचारलेच नाही, त्याने आपले काम पुरे केले असे म्हणता येत नाही.

शेतकरी उत्पादक कंपनीची गोष्ट निराळी आहे. तिला अंदाजित उत्पन्नाची सवलत नाही आणि उलाढाल नगण्य असली तरी वार्षिक लेखापरीक्षण टळत नाही. निबंधकाकडे द्यावयाची वार्षिक हिशेबाची व वार्षिक विवरणाची, अशी दोन प्रपत्रे उशिरा गेल्यास प्रत्येकी दररोज १०० रुपये जादा आकार पडतो. वर्षभराच्या उशिराचे ७३,००० रुपये होतात. कंपनी बंद पडल्यासारखी आहे, म्हणून लेखापालाची फी वाचवावी, असा विचार करणाऱ्या संचालकांनी हा आकडा लक्षात घ्यावा.

आता कामाचे माप कसे काढावयाचे ते पाहू. समजा, उपरोक्त गिरणीची वर्षात ९६० विक्रीबिले व ३२० खरेदीच्या पावत्या आहेत. नोंदणीकृत धंद्यास हिशेब ठेवावेच लागतात, म्हणून या १,२८० नोंदी कोणीतरी केल्याच पाहिजेत. कागद तारखेवार लावलेले असतील तर एका नोंदीस तीन मिनिटे धरावी. एकूण ६४ तास होतात. लेखनिकाचा तास १५० रुपयांचा धरल्यास ९,६०० रुपये झाले. आठ विवरणपत्रांस प्रत्येकी दीड तास, आठ चलनांस प्रत्येकी पाव तास, आणि ताळेबंद व प्राप्तिकर विवरणपत्र यांस सहा तास, असे सल्लागाराचे २० तास ६०० रुपयांनी १२,००० रुपये. एकूण २१,६०० रुपये. हे दर केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. आपल्या तालुक्यातील दर दोन-तीन कार्यालयांत विचारून घ्यावेत. सल्लागार नोंदणीकृत असल्यास फीवर १८ टक्के कर वेगळा पडतो, तो आधीच विचारून ठेवावा.

असा अंदाज हाती असला म्हणजे मागितलेले २४,००० रुपये वाजवी दिसतात, ४८,००० रुपयांस स्पष्टीकरण लागते, आणि ६,००० रुपयांत काम करून देतो म्हणणाऱ्याला यातील कोणते काम होणार नाही, असे विचारावेसे वाटते. हा शेवटचा प्रश्न लोक विचारीत नाहीत. याच अंदाजातून आणखी एक उपयुक्त आकडा निघतो. कराच्या विवरणपत्रांचे व चलनांचे १४ तास, म्हणजे ८,४०० रुपये, हे पाकिटांमुळे पडलेले काम आहे. १५ लाखांची पाकिटे किलोस १०० रुपये भावाने १५,००० किलो होतात. तेव्हा किलोमागे ५६ पैसे हिशेबाच्या कामाचे झाले. पाकिटामागे मिळणाऱ्या जादा भावातून हे वजा करूनच पाकिटे परवडतात की नाही ते पाहावे.

हीच बिले वर्षाच्या शेवटी पिशवीत कोंबून दिली, तर एका नोंदीस सहा मिनिटे लागतील व लेखनिकाचे काम ९,६०० रुपयांवरून १९,२०० रुपयांवर जाईल. अस्पष्ट पावत्या, घरखर्च व गिरणीचा खर्च यांचे एकच बँक खाते, आणि उधारीची वही निराळी, ही फी वाढण्याची कारणे मालकाच्याच हातची आहेत. गिरणीसाठी स्वतंत्र खाते उघडून रोज संध्याकाळी बिले क्रमाने लावण्यास जो वेळ लागतो, त्याचा मोबदला इतरत्र क्वचितच मिळेल.

काही मागण्या मात्र मुळातच अयोग्य असतात. नफ्याच्या टक्केवारीवर किंवा काम फळास आले तरच, अशा अटीवर लेखापरीक्षणादी व्यावसायिक कामाची फी घेण्यास सनदी लेखापालांना १९४९ च्या कायद्याने, काही नेमके अपवाद वगळता, मनाई आहे. कराच्या परताव्यात किंवा अनुदानात हिस्सा मागितला गेल्यास तेथेच थांबावे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदानाची तरतूद करण्यात आली. तीत प्रकल्प अहवाल करून देण्यासाठी जिल्हा संसाधन व्यक्ती नेमण्यात आल्या असून त्यांचे मानधन योजनेतूनच देण्याची तरतूद होती. कोणत्याही योजनेसाठी अहवालाची फी देण्यापूर्वी अशी सोय आहे की काय, हे तालुका कृषी अधिकाऱ्याकडे विचारून घ्यावे.

फी दिली तरी काम झाले की नाही, याची तपासणी मालकास स्वतः करता येते. वस्तू व सेवा कराच्या संकेतस्थळावर आपला नोंदणी क्रमांक घातला असता कोणते विवरणपत्र कोणत्या तारखेस भरले ते दिसते. विक्रीचे विवरणपत्र उशिरा गेले की, पाकिटे घेणाऱ्या दुकानदारास कराची वजावट मिळत नाही व तो तेवढी रक्कम अडकवून ठेवतो. विलंब शुल्कापेक्षा हे नुकसान मोठे असते, कारण गिऱ्हाईक तुटते. सनदी लेखापालाने दिलेल्या प्रमाणपत्रावर व लेखापरीक्षण अहवालावर १८ अंकी ओळख क्रमांक असतो. तो संस्थेच्या संकेतस्थळावर कोणासही पडताळता येतो. क्रमांक नसलेला कागद घेऊ नये.

काम सोपविताना साध्या कागदावर का होईना, कोणती कामे, किती वेळा, केव्हा व किती फी, हे लिहून घ्यावे. उशिरामुळे पडलेला दंड कोणी सोसावयाचा, हेही त्यात यावे. कागद वेळेवर दिले नाहीत तर तो मालकाने सोसणे न्याय्य आहे. दिले असतील तर सल्लागाराने सोसावा. नोंदणीत भ्रमणध्वनी क्रमांक व ई-मेल मालकाचाच असावा. सोयीसाठी सल्लागाराचा घातल्यास कराच्या नोटिसा त्याच्याकडे जातात आणि सल्लागार बदलावयाची वेळ आल्यावर परवलीचा शब्द मिळविण्यात महिने जातात.

बदल करावयाचाच झाला तर तो नव्या आर्थिक वर्षाच्या आरंभी करावा, म्हणजे दोन कार्यालयांत एकाच वर्षाचे हिशेब विभागले जात नाहीत. जुन्या सल्लागाराकडून मागील विवरणपत्रांच्या प्रती, चलने, ताळेबंद व खतावणी ताब्यात घेऊन पोच द्यावी. लेखापरीक्षक बदलत असल्यास नव्या लेखापरीक्षकाने जुन्यास आधी लेखी कळवावे लागते, आणि जुन्याची वाद नसलेली लेखापरीक्षण फी थकलेली असल्यास नवा काम स्वीकारीत नाही; म्हणून ती थकबाकी आधी चुकती करावी.