पुणे अडतं, नागपूर बिघडतं

अगं, नव्या नोकरीत तुझ्या हाती मराठी नावांची फाइल लवकरच येईल, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. फाइलमध्ये अक्षरं नसतात, नुसते आकडे असतात. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर, हे सांगणारं कोष्टक, म्हणजेच एन्कोडिंग, वेगळं असतं आणि साध्या मजकुराच्या फाइलवर त्याचं नाव सहसा कुठेच लिहिलेलं नसतं. तू सांगितलं नाहीस, तर प्रोग्रॅम आपल्या मनानं ठरवतो. लिनक्स आणि मॅकवर तो यूटीएफ-८ धरतो. विंडोजवर, भारतातलं इंग्रजी सेटिंग असलं, तर कित्येक प्रोग्रॅम अजूनही १२५२ क्रमांकाचं पश्चिम युरोपचं कोष्टक धरतात. त्यात देवनागरीला जागाच नाही.

म्हणून तुझ्या मॅकवर सुरळीत चाललेला पायथॉनचा प्रोग्रॅम दुसऱ्याच्या विंडोजवर आपटतो. तेही प्रत्येक शब्दावर नाही. यूटीएफ-८ मध्ये आपलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा तीन बाइट घेते. सोळाच्या पायावर मोजलं तर ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट ८१, पाय मोडण्याच्या खुणेचा ८डी, ‘झ’चा ९डी. १२५२ मध्ये या तिन्ही जागा रिकाम्या आहेत. त्यामुळे ‘पुणे’ आलं की पायथॉन एरर देऊन थांबतो. ‘नागपूर’मध्ये असा एकही बाइट नाही, ते तो निमूटपणे वाचतो आणि कचरा पुढे पाठवतो. अडलेलं परवडतं, निदान कळतं तरी. पायथॉन ३.१४ असला तरी फाइल उघडताना एन्कोडिंग स्वतः लिही, वाचतानाही आणि लिहितानाही. जावानं २०२२ मध्ये, १८व्या आवृत्तीपासून, यूटीएफ-८ हेच डीफॉल्ट केलं. त्याआधीची आवृत्ती हाती आली तर तिथेही हेच.

गडबड दिसली की आधी नीट बघ. डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा रोमन ए पुन्हा पुन्हा आणि मधूनच येनचं चिन्ह दिसलं, तर घाबरू नकोस. फाइल शाबूत आहे, वाचणाऱ्यानं कोष्टक चुकवलंय. फक्त त्या अवस्थेत सेव्ह करू नकोस. रिकामे चौकोन म्हणजे बहुतेक वेळा फॉन्ट नाही. पण प्रश्नचिन्हांच्या रांगा दिसल्या, तर अक्षरं गेली.

हे माझ्या हातून झालंय. एका कार्यालयाची लाभार्थ्यांची यादी एक्सेलमध्ये व्यवस्थित होती. मी ती साध्या सीएसव्हीत सेव्ह केली आणि मूळ फाइल काढून टाकली. दुसऱ्या दिवशी उघडली, तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं. आत बघितलं तर प्रत्येक अक्षराच्या जागी तोच एक आकडा, ६३. त्यातून जाधव कोण आणि भोसले कोण, हे कुणालाही काढता येत नाही. कागदी अर्ज काढून सगळी नावं पुन्हा टाइप केली. माणसांची नावं होती गं ती.

एक्सेलमध्ये ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ असा वेगळा पर्याय आहे, तोच घे. तो फाइलच्या सुरुवातीला बीओएम नावाची तीन बाइटांची खूण ठेवतो आणि ती पाहून एक्सेल पुढच्या वेळी बरोबर उघडतं. मात्र तीच खूण दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते आणि ‘नाव’ हा रकानाच सापडेनासा होतो. पायथॉनमध्ये एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ दिलं की ती गळून पडते.

जुन्या डीटीपीतली कृतिदेवसारख्या फॉन्टची फाइल आली, तर तिथे एन्कोडिंग बदलून काही होत नाही. आत रोमन अक्षरांचेच आकडे असतात, वर देवनागरीची चित्रं. त्या फॉन्टचा कन्व्हर्टर शोध आणि नंतर ऱ्हस्व वेलांट्या, रफार स्वतः डोळ्यांखालून घाल.

कुठल्याही फाइलला हात लावण्याआधी प्रत बाजूला ठेव. चाचणीच्या पहिल्या दोन ओळींत ‘झुंझारराव, पुणे’ आणि ‘नागपूर’ लिही. विंडोजवरून दोन्ही जशीच्या तशी बाहेर आली, की मग पूर्ण यादी सोड.