संत्र्यावरील खाद्य लेप

तोडणीनंतरही संत्र्याचा जीवनव्यापार थांबत नाही. ते प्राणवायू घेते, कर्बवायू सोडते आणि सालीवाटे पाणी गमावीत राहते. झाडावर असताना गेलेले पाणी मुळांकडून भरून येते. करंड्यात ते येत नाही. विदर्भात आंबिया बहाराचा माल ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुमारास एकदम बाजारात उतरतो. अशा वेळी भाव सुधारण्याची चार दिवस वाट पाहणाऱ्या बागाईतदाराच्या डोळ्यांदेखत साल सुरकुतते व वजन घटते.

निसर्गाने प्रत्येक संत्र्यावर मेणाचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. माल धुऊन व ब्रशाने घासून स्वच्छ करताना धुळीबरोबर हा थरही बराचसा निघून जातो. खाद्य लेप म्हणजे हे गेलेले आवरण परत देणे होय. त्यासाठी मधमाशांचे मेण, ब्राझीलमधील एका ताडवर्गीय वृक्षाच्या पानांवरचे कार्नोबा मेण, किंवा पळस, कुसुम व बोर यांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या किड्यांपासून मिळणारी शुद्ध लाख वापरतात. आपल्या देशातील अन्न सुरक्षा नियमांनुसार ताज्या फळांवर या तिन्हींचा वापर चालतो. मात्र लेबलावर तसा उल्लेख हवा. मेणबत्तीचे मेण वितळवून लावण्याचा घरगुती उपाय कोणी करू नये. कोरफडीच्या गराचेही प्रयोग झाले आहेत. परंतु तो गर मुळातच पाणीदार असल्याने पाणी अडविण्यात मेणाची बरोबरी करीत नाही.

लेप जितका जाड तितके फळ अधिक टिकेल, ही समजूत मात्र घातक आहे. फळाला श्वास घ्यावाच लागतो. जाड लेपामुळे प्राणवायू पुरेसा आत शिरत नाही, गरात आंबण्याची क्रिया सुरू होते व मद्यार्क साचतो. बाहेरून फळ आरशासारखे चकाकते आणि आत त्याला आंबूस वास येतो. सैल सालीच्या संत्र्यात हा दोष मोसंबीपेक्षा लवकर उद्भवतो आणि उष्ण जागेत साठविल्यास फार बळावतो. लाखेचा लेप चकाकी अधिक देतो, पण हवा कमी जाऊ देतो. त्या मानाने कार्नोबा मेण फळाला मोकळे ठेवते. चकाकीला भुलून माल घेणारे गिऱ्हाईक पहिली फोड तोंडात टाकताच आपले मत ठरविते, आणि ते मत पुढच्या खेपेला बागाईतदाराला भोवते.

लेपाने जखम बरी होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. निळी व हिरवी बुरशी सालीच्या ओरखड्यांतून शिरते आणि मेणाने ती मरत नाही. फळ ओढून तोडल्यास देठाजवळची साल फाटते. म्हणून देठ कात्रीने फळालगत कापावा. तोडणी दंव वाळल्यावर करावी. खरचटलेली फळे वेगळी काढून आधी विकावीत. उरलेली धुऊन पूर्ण कोरडी करावीत, कारण ओल्या सालीवर लेप सारखा बसत नाही. तयार मिश्रणात पाणी किती घालावे हे डब्यावरील सूचनेनुसारच ठरवावे. लेप सुकल्यावर माल भोके असलेल्या पेट्यांत भरावा व शक्य तर ५ ते ७ अंश सेल्सिअसच्या शीतगृहात ठेवावा. शीतगृहातून माल एकदम उष्ण हवेत आणल्यास त्यावर दव धरते आणि लाखेचा लेप पांढुरका पडतो.

गावात प्रात्यक्षिक करताना एकाच झाडाची ४० निरोगी फळे घ्यावीत. सर्व धुऊन कोरडी करावीत आणि त्यांपैकी २० फळांना लेप द्यावा. दोन्ही गट एकाच खोलीत वेगवेगळ्या टोपल्यांत ठेवून दर तिसऱ्या दिवशी वजन करावे व आकडे फळीवर मांडावेत. आठव्या दिवशी प्रत्येक गटातील पाच फळे सोलून जमलेल्या शेतकऱ्यांना चाखावयास द्यावीत. कोणती लेपाची व कोणती बिनलेपाची, हे मात्र सर्वांनी चव सांगेपर्यंत उघड करू नये.