आधुनिक इतिहासच पुरेसा नाही का?

प्रश्न : मला इतिहासात एम.ए. करायचे आहे. प्राचीन काळ वगळून थेट आधुनिक जग अभ्यासले तर काय बिघडेल?

उत्तर : नवे नेमके काय घडले, हेच कळणार नाही. १४९८मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला आणि हिंदी महासागरातला व्यापार तिथून सुरू झाला, असा समज आधुनिक काळापुरते वाचणाऱ्याचा सहज होतो. पण पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत तगरहून, म्हणजे आपल्या तेरहून, भडोचला जाणाऱ्या कापडाची नोंद आहे, आणि इजिप्तच्या बेरेनिके बंदरात उत्खननात भारतीय मिरी सापडली आहे. खुद्द गामाला पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदीत पुढची वाट माहीत असलेला वाटाड्या मिळाला. पोर्तुगीज जुन्याच, गजबजलेल्या मार्गांवर शिरले. नवी होती ती व्यापारी जहाजांवर परवाने लादणारी त्यांची सशस्त्र सत्ता, आणि हा फरक मागचे माहीत असेल तरच दिसतो.

प्राचीन ते आधुनिक एवढा पट घेतला तर अभ्यास उथळ होतो, हा आक्षेप कुणी घेतला तर तो रास्त आहे. नुसत्या सनावळ्या पाठ केल्या तर अभ्यास उथळ होतोच. मात्र मातीच्या पाट्या, पपायरस, ईस्ट इंडिया कंपनीचे दप्तर अशी त्या त्या काळाची साधने प्रत्यक्ष वाचली, तर पुरावा तपासण्याची सवय जडते, आणि ती आधुनिक विषयावरच्या प्रबंधालाही लागतेच. म्हणून प्रवेशापूर्वी अभ्यासक्रमात मूळ साधनांचे वाचन आहे का, हे जरूर पाहा.