शाळेचें कपाट आणि गांवचें ग्रंथालय

शाळेंतील पुस्तकें शिक्षकांच्या ताब्यांत, सार्वजनिक ग्रंथालयांतील पुस्तकें वर्गणीदारांच्या उपयोगासाठीं, आणि विद्यार्थी मात्र दोहों ठिकाणीं पाहुणा, अशी स्थिति आपल्याकडे पुष्कळ गांवीं आढळते. या दोन संस्थांनीं एकमेकींस साहाय्य करावें, हा विचार कांहीं नवा नाहीं.

बडोदें संस्थानांत सयाजीराव महाराजांनीं (हे मूळचे नाशिक जिल्ह्यांतील कवळाण्याचे) १८९३ मध्यें अमरेली भागांत व १९०६ मध्यें सर्व संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. परंतु शाळा सुटल्यावर ज्याच्या हातीं पुस्तक पडत नाहीं, तो मुलगा शिकलेलें वाचन थोड्याच वर्षांत विसरतो. ही अडचण ओळखून महाराजांनीं १९१० मध्यें विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांस बोलावून घेतलें. गांवोगांव ग्रंथालयें निघालीं. जेथें तीं नव्हतीं, तेथें लांकडी पेट्यांतून फिरतीं ग्रंथालयें जाऊं लागलीं. एकेका पेटींत साधारणपणें १५ ते ३० पुस्तकें असत, आणि पेटी नेण्याआणण्याचा खर्च संस्थान सोशी. खेड्यांतील ग्रंथालय बहुधा शाळेंतच असे व गांवचे गुरुजीच तें सांभाळीत.

या योजनेचें मर्म मला या शेवटच्या गोष्टींत दिसतें. कोणत्या मुलास काय वाचतां येईल हें गुरुजींस ठाऊक, आणि पेटींत काय आहे हेंही त्यांसच ठाऊक. आपल्या शहरांत हीं दोन ज्ञानें दोन निरनिराळ्या माणसांपाशीं असतात, आणि तीं माणसें वर्षांतून एकदांही भेटत नाहींत!

याचा परिणाम पाहा. वर्गांत 'मराठ्यांचे जलदुर्ग' हा निबंधाचा विषय दिला, कीं त्याच सायंकाळीं चाळीस मुलें ग्रंथालयांत जातात. पहिला मुलगा असलेलें एक पुस्तक घरीं नेतो; बाकीचे एकोणचाळीस रिकाम्या हातांनीं परततात, आणि कोठून तरी उतरून काढलेले निबंध आमच्या मेजावर येऊन पडतात. शिक्षकानें आठ दिवस आधीं ग्रंथपालास चार ओळींची चिठ्ठी धाडली असती, तर तें पुस्तक तेवढे दिवस वाचनकक्षांतच ठेवतां आलें असतें. यास पैसा लागत नाहीं.

पैसा लागतो तो अनामतीस. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखालीं मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांस सरकारी अनुदान मिळतें. तरी घरीं पुस्तक न्यावयाचें तर बहुतेक ठिकाणीं अनामत व मासिक वर्गणी भरावी लागते. ही रक्कम मोठी नसते. पण ज्या घरीं रोजच्या मजुरीवर चूल पेटते, तेथें ती एका आठवड्याच्या बाजाराशीं तोलली जाते, आणि पुस्तकाचें पारडें हलकें ठरतें. ज्यास ग्रंथालयाची गरज सर्वांत अधिक, तोच मुलगा अशा रीतीनें दाराबाहेर राहतो. अशा मुलांसाठीं शाळेनें हमी द्यावी व ग्रंथालयानें अनामत सोडावी, असें माझें स्पष्ट मत आहे. पुस्तकें हरवतील, ही भीति खोटी नाहीं. दोनचार हरवतीलच, आणि त्यांची किंमत शाळेच्या पुस्तकनिधींतून भरावी. कपाटांत दहा वर्षें कुलूपबंद राहून कसरीनें खाल्लेलें पुस्तकही गेलेलेंच असतें. त्याची नोंद मात्र कोणी करीत नाहीं.

मे महिन्याच्या सुटींत तर हें सहकार्य विशेष हवें. मुलांस वेळ असतो, आणि नेमकें तेव्हांच शाळेचें कपाट बंद असतें. शाळेनें आपलीं निवडक पुस्तकें तेवढे दोन महिने ग्रंथालयाच्या बालविभागाकडे सोंपवावीं, व जूनमध्यें यादीप्रमाणें मोजून परत घ्यावीं.

विद्यार्थ्यांनीं ग्रंथपालापाशीं जाऊन नुसतें "एखादें चांगलें पुस्तक द्या" असें म्हणूं नये. आपली इयत्ता, विषय आणि याआधीं काय वाचलें तें सांगावें. पालकांस एवढीच विनंति, कीं सभासदत्वाचा अर्ज मुलानें पुढें केला, म्हणजे सही करण्यापूर्वीं त्याजबरोबर एकदां ग्रंथालयापर्यंत जाऊन यावें.