पाणी कुठे अडले?

सापगावाजवळून भातसा नदी वाहते. पण माळावरच्या भेंडीला उन्हाळ्यात शेततळ्याचाच आधार. तळ्याच्या पाण्यात शेवाळ असते, म्हणून ठिबकला गाळणी लावतात. कधी पाणी कमी येते. लगेच म्हणतात, पंप गेला!

थांबा. गाळणीच्या दोन्ही बाजूंचे दाबाचे काटे पाहा. अलीकडचा वर, पलीकडचा खाली? मग गाळणी तुंबली. फरक अर्ध्या किलोवर गेला की पंप बंद करा. जाळी मऊ ब्रशने धुवा. तारेने खरवडू नका, जाळी फाटते.

दोन्ही काटे खाली? नळी कुठे फुटली का बघा. नसेल, तर बहुधा तळ्यातल्या नळीच्या तोंडाशी शेवाळ अडकले आहे. पंप बंद करून नळी दोराने ओढून घ्या. तळ्यात मात्र उतरू नका. प्लास्टिकचा कागद फार निसरडा. पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. माणसे अशीच बुडतात. नळीला दोर नसेल, तर पुढच्या वेळी तळे आटले की बांधून ठेवा.